इब्बाचं हँडल

लग्नाच्या दिवशी यशवती आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसली आणि तिसऱ्या वळणावर ओकली. नव्या साडीवर, लाल रेक्झिनच्या सीटवर, खाली अंथरलेल्या काथ्याच्या पायपुसण्यावर. तिच्या माहेरी रस्ताच नव्हता, भातखाचरांच्या बांधावरून जाणारी वाट होती. शेजारी बसलेला नवरा, जिनदास, खिडकीबाहेर बघत राहिला, जणू हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या लग्नात चाललंय. गाडी सासरे चालवत होते, कोरनेलिस मामा. त्यांनी ती कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, खाली उतरून ओढ्याचं पाणी आणलं आणि खांद्यावरच्या पंचाने सीट स्वतः पुसून काढली.

यशवतीला वाटलं, आता हे बोलणार. पण ते एवढंच म्हणाले, "झालं. इब्बाला तुझी ओळख पटली. आता तो तुला विसरायचा नाही."

सिंहलीत इब्बा म्हणजे कासव. गाडी इंग्रजी बनावटीची, छोटी, गोल पाठीची, उकडलेल्या फणसाच्या गऱ्यांच्या रंगाची. नंबराच्या पाटीवर मधोमध सिंहली 'श्री' होतं. दालचिनीला सोन्याचा भाव आला होता त्या एका वर्षी मामांनी ती घेतली. एल्पिटियाच्या अलीकडच्या त्या टेकडीवर तेव्हा दुसरी मोटार नव्हती. त्यामुळे गावातली प्रत्येक नवरी इब्बात बसून सासरी गेली आणि प्रत्येक अडलेली बाई इब्बात बसून इस्पितळात.

यशवतीला पहिली काही वर्षं या गाडीची भीतीच वाटायची. सासूशी, नणंदांशी कसं वागायचं ते तिला माहेरून शिकवून पाठवलं होतं. मोटारीशी कसं वागायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. पण संध्याकाळी कुणी बघत नाहीसं पाहून ती पडवीत जायची आणि बाहेरून आलेल्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवायची. म्हशीच्या पाठीसारखी ऊब लागायची. आत लोखंड थंड होताना टिक टिक असा बारीक आवाज यायचा. नुसतं तेल पाजलं की हे डोंगर चढून येतं, आणि आल्यावर दमून असं श्वास टाकत उभं राहतं, याचं तिला कमालीचं नवल वाटे. तसं ती कुणाला म्हणाली नाही. म्हणाली असती तर नणंदांनी वर्षभर पुरवून पुरवून हसून घेतलं असतं.

पुढे गाडी जिनदासच्या हाती आली. जिनदास टपाल कचेरीत कारकून होता. अतिशय सरळ, अतिशय हळू माणूस. गाडीचा सेल्फ दुखणाईत झाला तसा त्याने एक नियम केला: गाडी उतारावरच लावायची. ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची, क्लच सोडायचा, की इंजिन धरलं. सेल्फला त्रास नाही, बॅटरीला त्रास नाही. घरासमोरचा रस्ता दक्षिणेकडे गावात उतरायचा, त्यामुळे इब्बा कायम दक्षिणेकडे तोंड करून उभा. हळूहळू हा नियम जिनदासचा धर्मच होऊन बसला. ज्या नातेवाइकांची घरं उतारावर होती त्यांच्याकडे येणंजाणं वाढलं. सपाटीवर राहणाऱ्यांकडे फक्त मयताला.

"तुझ्या बहिणीने घर कुठे बांधायचं ते आधी विचारलं असतं तर?" तो यशवतीला म्हणे.

"तुमच्या गाडीसाठी तिने टेकडी विकत घ्यायला हवी होती," यशवती म्हणे.

कोलंबोला जाताना कळुतरच्या बोधिवृक्षापाशी प्रत्येक गाडी थांबते, पेटीत नाणं पडल्याशिवाय पुढचा पूल ओलांडत नाही. तिथे रस्ता ताटासारखा सपाट. जिनदास इंजिन गुरगुरतं ठेवून बसायचा आणि यशवती साडी सावरत, नाणं मुठीत धरून धावत जायची, धावत यायची. बुद्धाला तिने तिथे उभ्या उभ्या, घाईघाईनेच कायम नमस्कार केला. एवढ्या वर्षांत सावकाश असा एकदाही नाही.

पण गाडीला एक हँडलही होतं. दोन ठिकाणी वाकवलेली लोखंडी कांब, पुढच्या बंपरमधल्या भोकातून आत घालून फिरवायची. ते हँडल आणि यशवती यांची गोष्ट एकोणनव्वद सालची.

त्या वर्षी बेटाच्या दक्षिणेत कुणाच्या घरी गाडी आहे हे कुणाला कळणं बरं नव्हतं. सरकारविरुद्ध उठलेली पोरं येऊन गाडी मागत. दिली तर दुसऱ्या दिवशी शिपाई येऊन विचारत, का दिली? टपाल कचेरीत कामावर जाणाऱ्यांना तर धमकीच्या चिठ्ठ्या येत होत्या. जिनदास कोलंबोला एका खोलीत जाऊन राहिला. घरी राहिले म्हातारे कोरनेलिस मामा, पाच वर्षांचा मुलगा प्रियंत आणि पोटुशी यशवती. मामांनी इब्बा मागच्या छपरात ढकलला आणि त्याच्यावर सोललेल्या दालचिनीच्या फांद्यांच्या मोळ्या रचल्या. बाहेरून बघणाऱ्याला नुसता सरपणाचा ढीग. बॅटरी तांदळाच्या पिंपामागे ठेवली. उरलं हँडल. ते मामांनी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला आतून आडवं लावून टाकलं.

"हे आता दाराचा अडसर," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर जन्मापासून अडसरच आहे."

पण गाडी महिनोन्महिने नुसती पडून राहिली तर इंजिन आतल्या आत आखडतं, जाम होतं. अधूनमधून चार वेढे फिरवायला हवेत, चालू न करता, गुपचूप. मामांचा खांदा जुना निखळलेला. तेव्हा यशवती म्हणाली, मला दाखवा.

"दिवस गेलेल्या बाईने?"

"मग काय प्रियंत फिरवेल?"

मामांनी दाखवलं. हँडल मुठीत धरताना अंगठा बोटांना विरुद्ध बाजूने मिटायचा नाही. तो बोटांच्याच बाजूला, बाहेर ठेवायचा. "इब्बा गरीब आहे. पण कधी त्याने उलटी लाथ मारली तर मिटलेल्या अंगठ्यासकट मनगट मोडतं. माझ्या भावाचं मोडलं. खाली दाबायचं नाही, वर ओढायचं. आणि अंगठा बाहेर."

मग दुपारी, टेकडीवर सगळी सामसूम असताना, ती मोळ्यांच्या फटीतून आत शिरायची. दालचिनीच्या लाकडाचा गोड वास, अंधूक उजेड, आणि मधोमध तो. हँडल घालून ती वर ओढायची. अर्ध्यात काहीतरी घट्ट, जिवंत असं आडवं यायचं, हाताला रेटा द्यायचं. ती जोर लावायची. मग आतलं हळूच सैल पडायचं आणि इब्बा फुस्स करून सुस्कारा सोडायचा. पुन्हा ओढायची, पुन्हा रेटा, पुन्हा सुस्कारा. त्याच वेळी पोटातलं पोरही आतून लाथ मारायचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा यशवती हँडल धरून तशीच स्तब्ध उभी राहिली. अंगावर काटा आला. एक रेटा आतून, एक बाहेरून. बाहेर माणसं माणसांना मारून रस्त्यावर टाकत होती, आणि इथे या सरपणाच्या ढिगाखाली दोन जीव तिच्या हाती लागून होते, दोघेही बाहेर यायच्या तयारीत.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी कर्फ्यू होता. मामांनी आणि तिने मिळून मोळ्या बाजूला टाकल्या. मामांनी बॅटरी बसवली आणि स्टिअरिंगमागे बसले. त्यांना धड दिसतही नव्हतं. हँडल यशवतीनेच मारलं. तिसऱ्या ओढीला इब्बा खोकला, थरथरला आणि सुरू झाला, आणि त्याच क्षणी तिला अशी कळ आली की ती बंपर धरून खाली बसली. मग उठून, प्रियंतला पुढे बसवून, स्वतः मागच्या सीटवर आडवी झाली. खिडकीबाहेर काठीला तिचा पांढरा परकर बांधला होता.

रस्त्यात अडथळा उभा केलेला. एका शिपायाने खिडकीत डोकं घातलं. मिसरूडही न फुटलेलं पोर. त्याने मागच्या सीटवर पाहिलं, झटकन मान वळवली आणि बांबू उचलला. तिथून थोडं पुढे, एका रतांब्यासारख्या डेरेदार झाडाखाली, मामांना गाडी थांबवावी लागली. जवळच्या घरातून एक चहाची पानं खुडणारी बाई धावत आली.

"मामा, इंजिन बंद करू नका!" यशवती मागून ओरडली. "बंद केलंत तर आता हँडल कोण मारणार?"

मामांनी पाय अॅक्सिलरेटरवर ठेवला, तोंड पुढे केलं, आणि मोठ्याने बुद्धाची सूत्रं म्हणत बसले. इंजिनाच्या त्या घरघरीत दिलरुक्षी जन्मली. पुढे कित्येक महिने ती रडायला लागली की जिनदास तिला गाडीत घेऊन बसायचा आणि गाडी सुरू करायचा. इंजिन लागलं की पोर गप्प. शेजारीपाजारी हसायचे, की या घरात अंगाईला पेट्रोल लागतं.

दिवस निवळले. मामा गेले. इब्बा पुन्हा उतारावर, दक्षिणेकडे तोंड करून उभा राहायला लागला. हँडल मात्र दाराला राहिलं ते राहिलंच. यशवतीने ते दर नव्या वर्षाला घराबरोबर घासून पुसून ठेवलं. ते कशाचं आहे हे हळूहळू सगळे विसरले.

दिलरुक्षी नर्स झाली. तिशीला आली तेव्हा तिचं लग्न ठरलं. मुलगा रुवन, बळपिटियाच्या शाळेत शिक्षक. जिनदासने मुलाचं घर पाहून आल्यावर सांगितलं, "माणसं चांगली आहेत. अंगणाला उतारही चांगला आहे."

प्रियंत कोलंबोच्या बँकेत होता. त्याने भाड्याची गाडी आधीच सांगून टाकली. पांढरी, लांबलचक, थंडगार.

तो वडिलांना म्हणाला, "तात्ता, इब्बा आता माणसं न्यायच्या लायकीचा राहिलाय का? गॉलचा एक हॉटेलवाला मागतोय. पुढच्या दालनात ठेवतो म्हणतो, कुंड्यांच्या मधे."

"कुंड्यांच्या मधे," जिनदास म्हणाला, आणि फडकं घेऊन इब्बाची काच पुसायला गेला.

दिलरुक्षीने थोरल्या भावाला सुनावलं. "अय्या, तुझी थंडगार गाडी तू बसायला ने. मी आले ज्या गाडीतून, जाईन त्याच गाडीतून."

"नाहीतर काय करशील?"

"नाहीतर जाणार नाही. रुवनला सांगून ठेवलंय."

झालं. ज्योतिष्याकडे माणूस गेला. तो मुहूर्त घेऊन आला: दुपारी तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी निघायचं, उत्तरेकडे तोंड करून.

जिनदास खुर्चीत बसला होता तो उठून उभा राहिला. उत्तरेकडे चढ. उभा चढ. तो स्वतः छत्री घेऊन ज्योतिष्याकडे गेला. "थोडं आग्नेयेकडे सरकवता नाही येणार?"

"जिनदास महत्तया," ज्योतिषी अदबीने म्हणाला, "ग्रह काय तुमच्या गाडीचा उतार बघून फिरतात?"

मग नेल्सन बास आला. हा गावचा मेकॅनिक, बास म्हणजे मिस्त्री. त्याने कुठूनसा जुना सेल्फ आणून बसवला. सेल्फ मारला की इंजिन लगेच धरायला लागलं. जिनदासच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाच्या आदल्या दिवशी गावातल्या माणसांनी इब्बाला ढकलून चढाकडे तोंड करून उभं केलं, चाकांमागे दगड लावले, आरशाला मंतरलेला दोरा बांधला. आणि जिनदासने हुकूम काढला, की आता मुहूर्तापर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही. चढाकडे तोंड करून ठेवलेली गाडी मुहूर्ताआधी सुरू झाली म्हणजे पोर मुहूर्ताआधी निघाली. नेल्सन बास म्हणाला, सकाळी एकदा इंजिन गरम करून घेऊ. जिनदासने त्याच्याकडे असं पाहिलं, की बास जाऊन लग्नाचं कुरकुरीत कोकिस खात बसला.

दुसऱ्या दिवशी पोरुव्यावरचे, म्हणजे सजवलेल्या लग्नमंचावरचे, विधी झाले, दिवे लागले, दुधातल्या भाताच्या वड्या वाटून झाल्या. दिलरुक्षी पांढरी साडी बदलून जाण्यासाठी घेतलेली फिकट गुलाबी साडी नेसून आली. आईवडिलांच्या हातात विड्याच्या पानांची जुडी देऊन पाया पडली. यशवतीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. काही बोलायचं ठरवलं होतं ते आठवेना. मुलगी आणि जावई मागच्या सीटवर जाऊन बसले. पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. मुहूर्ताला थोडा वेळ होता. जिनदासने किल्ली फिरवली, सेल्फ ओढला.

टक.

पुन्हा ओढला. टक.

तिसऱ्यांदा तेही नाही.

फटाक्यांच्या माळेजवळ काडी धरून उभा असलेला जिनदासचा मेहुणा घाबरला आणि त्याने काडी लावून टाकली. सगळी माळ कडाडकडाड वाजून संपली, धूर झाला, आणि धूर विरल्यावर इब्बा जागच्या जागी.

"मागे घरंगळू द्या!" कुणीतरी ओरडलं. "रिव्हर्स टाकून क्लच सोडा. धरेल!"

"पोरीला पाठमोरी पाठवता का रे सासरी?" जिनदासची थोरली बहीण पेमावती कडाडली. "आठवड्याच्या आत माघारी येईल!"

"वर ढकलू या मग."

"या चढावर? तू ढकल. कंबरेचा पट्टा आधी बांध."

प्रियंतने हात करून भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला बोलावलं. पांढरी गाडी आवाज न करता पुढे येऊन उभी राहिली. "दिलरुक्षी, चल. उतर. वेळ जातोय."

दिलरुक्षीने काच वर केली.

नेल्सन बास हात पुसत धावत आला. "हँडल! हँडल कुठाय? हँडल असेल तर बघतो मी."

"हँडल?" प्रियंत म्हणाला. "या गाडीला हँडल कधी होतं?"

जिनदास स्टिअरिंगमागे बसून कपाळ पुसत होता. "होतं. तात्तांनी ठेवलं होतं कुठेतरी. त्या वर्षी." त्याने मान वळवून यशवतीला शोधलं. यशवती जागेवर नव्हती.

ती स्वयंपाकघरात होती. मागच्या दाराची आडवी कांब तिने दोन्ही हातांनी उचलली. दार भसकन उघडलं. मोदकांसारख्या तळणाच्या परातींपाशी बसलेली आचारीण ओरडली, "अम्मे, कुत्रं शिरेल!"

"शिरू दे."

माणसांच्या घोळक्यातून ती नव्या साडीत, अंबाड्यात फुलं, हातात कांब घेऊन आली तेव्हा सगळे बाजूला झाले.

"अम्मा, हा तर दाराचा अडसर!" प्रियंत म्हणाला.

नेल्सन बासने हात पुढे केला. "द्या इकडे."

"तुमचे हात तेलकट आहेत," यशवती म्हणाली. पदर कमरेला खोचला. काचेआडून तिने नवऱ्याकडे पाहिलं. जिनदासने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. एकोणनव्वदला तो कोलंबोत होता. नंतर सगळं ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं. "चोक ओढा," ती म्हणाली. "आणि सेल्फला हात लावू नका. ऐकू येऊ द्या मला."

बंपरच्या भोकात हँडल सरकवलं. आत कुठेतरी ते खट्कन बसलं, अगदी तिथेच, जिथे बसायचं. इतक्या वर्षांनी. तिने मूठ वळली, अंगठा बाहेर ठेवला, वर ओढलं.

रेटा आला. तोच. मधली सगळी वर्षं दोघांनी मिळून काढली होती, उन्हाळे, पूर, परीक्षा, बारशी, मयतं. तिचे गुडघे गेले होते, दात गेले होते. पण आत, त्या काळोखात, तो जिवंत घट्टपणा जसाच्या तसा होता. तिच्या हाताला तो रेटा द्यायला जणू थांबूनच होता. तिच्या अंगावर पुन्हा तसाच काटा आला. जोर लावला. फुस्स. सुस्कारा.

"वेळ झाली!" मेहुणा घड्याळ धरून ओरडला.

दुसऱ्या ओढीला इब्बाने लाथ मारली. हँडल तिच्या मुठीतून उलटं झटकन निसटलं. गर्दीतल्या बायका किंचाळल्या. अंगठा बाहेर होता. काही झालं नाही.

"असं का," यशवती दातओठ खाऊन म्हणाली. "मला ओळखत नाहीस होय?"

तिसऱ्या ओढीला तो खोकला, थरथरला, नंबराची पाटी खडखडली, आणि सुरू झाला. मागून निळसर धुराचा लोट आला आणि त्यात जुन्या पेट्रोलचा वास. म्हाताऱ्या बायकांनी नकळत हात जोडले. यातल्या कितीतरी जणी याच गाडीतून या गावात आल्या होत्या. मग एकच गलका झाला. नेल्सन बास दगड काढायला वाकला. चाकांखाली लिंबं फुटली. इब्बा गुरगुरत, एक एक बोट करत चढाला लागला.

यशवती कडेला सरली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हँडल आपल्याच हातात आहे. पुढे कुठे बंद पडला तर?

ती धावली. कळुतरच्या झाडापाशी धावायची तशी, साडी सावरत. गाडी इतकी हळू चढत होती, की तिला गाठायला फार कष्ट पडले नाहीत. तिने खिडकीची काच वाजवली. दिलरुक्षीने काच खाली केली. आईने हँडल आत ढकललं. ते गुलाबी साडीवर आडवं पडलं आणि मांडीवर काळा पट्टा उठला. जावई दचकून कोपऱ्यात सरकला.

"अम्मा, साडी!"

"अंगठा बाहेर ठेवायचा," यशवती गाडीबरोबर चालता चालता म्हणाली. तिला धाप लागली होती. "मूठ धरताना. बोटांच्या बाजूला. आणि खाली दाबायचं नाही, वर ओढायचं. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"अंगठा बाहेर," दिलरुक्षी म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती. तिने दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं होतं.

यशवती थांबली. गाडी पुढे गेली. पहिल्या वळणाआड दिसेनाशी झाली, पण आवाज येत राहिला. दुसऱ्या वळणावर आवाज बारीक झाला. तिसऱ्या वळणावर, जिथे रस्ता सगळ्यात उभा आहे, तिथे तो घुटमळला. खाली अंगणात माणसं मुहूर्त साधला की मिनिटभर हुकला यावर वाद घालत होती. प्रियंत भाड्याच्या ड्रायव्हरला काहीतरी समजावत होता. स्वयंपाकघरातून आचारीण कुत्र्याला शिव्या देत होती.

यशवती रस्त्याच्या मधोमध कान देऊन उभी होती. आवाज पुन्हा चढला, टेकडीच्या माथ्यावर गेला, आणि पलीकडे उतरायला लागला तसा मोकळा, भरभर झाला. मग तिने हाताकडे पाहिलं. मूठ अजून वळलेलीच होती. अंगठा बाहेर.